अकरा नंबरची चिंधी

४ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही. फोन सोडून पत्र का, ते सांगते.

माझा निबंध परत आला. संध्याकाळच्या चित्रशाळेत शेवटच्या वर्षाला दोन गोष्टी द्याव्या लागतात, हे तुला मागे सांगितलं होतं. एक प्रात्यक्षिक, म्हणजे चित्रं. दुसरा त्या चित्रांशी जोडलेला पाच हजार शब्दांचा दीर्घ निबंध. चित्रं तुझ्या रफूची आहेत. तू दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या बारा चिंध्या मी एकेक करून भिंगाखाली धरते आणि नखाएवढं रफू दाराएवढ्या कागदावर पेन्सिलीने काढते. सात झाली, पाच राहिली. चित्रांबद्दल कुणाची तक्रार नाही. निबंधावर मात्र आमच्या मार्गदर्शक सरांनी एकच ओळ लिहिली. हे सर तोंडाने फार बोलत नाहीत, जे काय ते समासात लिहितात, म्हणून आम्ही त्यांना समाससर म्हणतो. त्यांनी लिहिलं, 'हा निबंध चित्रं न काढताही लिहिता आला असता.'

राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण खरंच आहे ते. पुस्तकं वाचून इकडचं तिकडचं उचललं होतं, तुझ्या भाषेत सांगायचं तर नुसती ठिगळं लावली होती. आता एकतीस मार्चला पुन्हा द्यायचा. ही शेवटची संधी. या वेळी नापास झाले तर चार वर्षं पाण्यात गेली, आणि पाचवं वर्ष काढायची ताकद माझ्यात नाही. दिवसभर दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसून 'डॉक्टर आत आहेत, थोडं थांबा' म्हणायचं, मग चित्रशाळा, मग घरी येऊन भिंग. चौतिसाव्या वर्षी माझे खांदे तुझ्यापेक्षा म्हातारे झालेत.

नियम असा आहे की कारागिराशी झालेलं बोलणं लेखी हवं. ते परिशिष्ट म्हणून निबंधाच्या शेवटी जोडायचं. म्हणून पत्र. मला सांग, रफू आधी चिंधीवर का करतोस? धागा कुठून आणतोस? चांगलं रफू कसं ओळखायचं? आणि इतक्या वर्षांत तुझा हात बदलला का?

मामींना नमस्कार सांग.

तुझी भाची

१५ जानेवारी

चि. खोडरबर हिस,

आशीर्वाद. परीक्षक मंडळी हे वाचणार म्हणून मी खुर्चीत ताठ बसून सांगतोय आणि तुझी मामी लिहून घेतेय. माझं अक्षर परीक्षकांना दाखवलंस तर तू आत्ताच नापास होशील. लेखनिक आमची उत्तम आहे, फक्त मध्ये मध्ये सुस्कारे टाकते. (हे त्यांनी लिहायला लावलं. मी सुस्कारे टाकत नाही. — मामी)

परीक्षक महोदय, हिला लहानपणी आम्ही खोडरबर म्हणायचो, कारण एक रेघ काढायची आणि तीन खोडायची. तर निबंध परत आला यात नवल नाही.

आता कामाचं. गिऱ्हाइकाचा कोट हा परक्याचा माल. त्यावर शिकायचं नाही. म्हणून कोटाच्या आतल्या दुमडीतून बोटभर पट्टी काढायची, तिला तसंच भोक पाडायचं आणि आधी तिथे रफू करायचं. जमलं तर मग कोटाला हात लावायचा. धागाही त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतला. बाहेरचा धागा कितीही जुळला तरी दोन धुण्यांत चुगली करतो. मग उभे धागे भरायचे, आणि आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून, एकाच्या वरून, एकाच्या खालून. कड आली की वळायचं, वळताना तिथे केसभर फासा सैल सोडायचा, कारण कापड पुढे आकसतं. गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक मागच्या बाजूला तसंच राहू द्यायचं.

चांगलं रफू कसं ओळखायचं, विचारतेस. ओळखता आलं तर ते चांगलं नाही, बाई. कोटांच्या दुकानाचे मालक तीस वर्षं माझ्याकडेच काम पाठवतात, ते एवढ्याचसाठी. कोट घेताना खिडकीपाशी नेऊन धरतात आणि विचारतात, 'कुठे होतं हो?'

अवघड काम निघालं की त्याची चिंधी मी ठेवून देतो, मागे तारीख टाकतो. तशा त्या बारा.

हात बदलतो का, हा प्रश्न मला कळला नाही. हात तोच आहे, म्हातारा झालाय. पुढच्या वेळी परीक्षकांसमोर असे प्रश्न विचारू नकोस.

तुझा मामा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

प्रश्न तुला कळला नाही, पण उत्तर तुझ्या चिंध्यांनीच दिलं! पहिल्यांदाच मला दवाखान्यात बसल्या बसल्या घरी जायची घाई झालीय.

ऐक. तू लिहिलंस ना, सुरुवातीचं टोक मागच्या बाजूला राहतं? मी ते वाचून सगळ्या चिंध्या उलट्या केल्या. आठ, नऊ आणि दहा या वेळेपर्यंत काढून झाल्या होत्या आणि काढताना काहीतरी टोचत होतं, मनगट सारखं चुकीच्या बाजूने वळवावं लागत होतं. आता कारण कळलं. एक ते सात नंबरांत टोक उजव्या कडेला आहे. आठपासून बारापर्यंत ते डाव्या कडेला! म्हणजे आधी तू उजवीकडून सुरुवात करायचास आणि सहा वर्षांपूर्वी, आठ नंबरवर तीच तारीख आहे, तू बाजूच बदललीस. शिवाय वळणावरचे फासे. आधीचे सगळे एका मापाचे, आखल्यासारखे. नंतरचे थोडे सैल, प्रत्येक जरा निराळा. नुसत्या डोळ्यांनी हे जन्मात दिसलं नसतं. हाताने काढलं म्हणून दिसलं.

मी तिसरं प्रकरण लिहिलं. सोबत जोडतेय. त्याला नाव दिलंय 'कारागिराचा उत्तरकाळ'. मोठ्या चित्रकारांचा म्हातारपणी हात मोकळा होतो, आयुष्यभराची शिस्त ते सैल सोडतात, तसंच तुझं झालंय, असं त्यात मांडलंय. 'साठी ओलांडल्यावर या कारागिराने स्वतःचीच दिशा उलटी केली आणि घट्टपणाच्या जागी माया आली,' हे माझं वाक्य मलाच आवडलं. समाससरांनी समासात लिहिलं, 'वा.' चार वर्षांतला पहिला 'वा'. मी त्याचा फोटो काढून ठेवला.

आभाराचं पानही जोडलंय. त्यात तू पहिला. मग डॉक्टरीणबाई, त्यांचं जुनं भिंग मी वापरते. मग 'चहा आणि पत्रलेखन यांसाठी मामींचे आभार'.

आता एवढंच सांग, बाजू का बदललीस? खांदा दुखत होता? की कंटाळा आला? परीक्षक हे नक्की विचारणार.

तुझी भाची

१८ फेब्रुवारी

चि. खोडरबर,

तुझं प्रकरण पोचलं. मामीने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. शेजारचा शिंपी आला होता, त्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, आमचा उत्तरकाळ कधी येणार? त्याला म्हटलं, आधी काज नीट करायला शीक.

बाजू का बदलली म्हणतेस. हात काही ठरवून वळत नाही. वळला असेल. परीक्षकांना सांग, कारागिराने सांगायला नकार दिला. त्यांना तसलं आवडतं.

बाकी तू जे लिहिलंस ते बरं लिहिलंस. मायेचं वाक्यही बरं आहे. माझ्या कामाबद्दल कुणी पानभर लिहील असं वाटलं नव्हतं. आता बारा नंबर संपवून टाक आणि झोप काढ.

मामी म्हणते, चहाचं लिहिलंस ते पोचलं.

तुझा मामा

३ मार्च

प्रिय मामा,

अठ्ठावीस दिवस उरलेत. परवा कागदावरच डोकं टेकून झोपले आणि उठले तेव्हा गालावर अर्धं रफू उमटलं होतं. ते चित्र अर्धं पुसलं गेलं, पुन्हा काढावं लागलं. दवाखान्यात एका आजोबांची कवळी मी दुसऱ्याच आजोबांना दिली. दोघांनीही घालून बघितली आणि दोघंही म्हणाले, आता बरी बसतेय. डॉक्टरीणबाई हसल्या म्हणून नोकरी वाचली.

पण चौथं प्रकरण झालंय आणि तेच निबंधाचा कणा आहे, असं समाससर म्हणतात. म्हणजे लिहितात. ते अकरा नंबरच्या चिंधीबद्दल आहे. आधी तुला राग येईल, पण पूर्ण वाच.

अकरा नंबर म्हणजे ती राखाडी लोकरीची. ती काढताना माझी जाळी काही केल्या जुळेना. मला वाटलं मीच चुकले, आणि दोन वेळा खोडलं. तिसऱ्यांदा भिंग लावून धागे मोजले तेव्हा कळलं. खालून सहाव्या ओळीत आडवा धागा एकाच्या खालून जायच्या ऐवजी दोन धाग्यांखालून गेलाय. एक धागा सुटलाय, मामा. बारा चिंध्यांतली ही एकच चूक. तिथून पुढच्या ओळी तिला सावरत सावरत गेल्यात, चार ओळींनंतर सगळं पुन्हा ताळ्यावर येतं.

मी ते चित्र सर्वांत मोठं काढलं. सुटलेला धागा बरोबर मध्ये. आणि लिहिलं की ही म्हाताऱ्या, दमलेल्या हाताची चूक आहे. आयुष्यभर ज्याने एकही धागा सोडला नाही त्याच्याकडून एक सुटला, आणि त्या एका चुकीत बाकीच्या सगळ्या अचूक कामापेक्षा जास्त माणूस दिसतो. हे लिहिताना मी रडले, खरं सांगते. मी स्वतः इतकी दमलेय म्हणून मला ते दिसलं असावं.

हे छापलेलं तुला चालेल ना?

तुझी भाची

११ मार्च

चि. भाचीस,

चालणार नाही. तुझं शिक्षण गेलं खड्ड्यात. पन्नास वर्षं सुई धरली, एक धागा सुटला नाही. एक! कोटांच्या दुकानातल्या कुणालाही विचार. कागदावर रेघोट्या ओढताना तुझीच मोजदाद चुकली असेल आणि खापर माझ्या डोक्यावर. म्हाताऱ्या हाताची चूक म्हणे. माझा हात अजून थरथरत नाही. दमलेला हात म्हणे! हे परीक्षक वाचणार, उद्या दुकानाचे मालक वाचतील, शिंपी तर पाठच करेल. ते प्रकरण फाडून टाक. ती चूक माझी नाही, नाही, आणि नाही. लिहिलंस? लिही, तिसऱ्यांदा 'नाही' लिही.

तुझा मामा

इथपर्यंत त्यांचं आहे. आता ते बाहेर ओट्यावर जाऊन बसलेत. इथून पुढे माझं.

ते खरं बोलतायत. चूक त्यांची नाही, माझी आहे. आणि आठ ते बारा या चिंध्याही माझ्या आहेत. मी डावखुरी. शाळेत मारून मारून लिहायला उजव्या हाताने शिकवलं, पण सुई डाव्याच हाताने धरते. बाजू कुणी बदलली नाही गं, माणूस बदललं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात मधोमध डाग आला, डावा आधीपासूनच अधू. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. चालता येतं, जेवता येतं, पण बघायला जावं तेच नेमकं पुसलं जातं. सुईचं नेढं गेलं. तेव्हा हातात एक कोट अर्धा होता. ते म्हणाले, परत पाठवू. मी म्हटलं, द्या इकडे. लग्न झाल्यापासून शेजारी बसून बघत होते, दोरा ओवून देत होते. आधी चिंधीवर केलं, ती आठ नंबर. मग कोट. मालकांनी खिडकीपाशी धरला आणि विचारलं, 'कुठे होतं हो?' त्यानंतर बोलायचं राहूनच गेलं. काम त्यांच्या नावावर येतं. बाईच्या हातचं म्हटलं तर मालक पाठवतील की नाही, कोण जाणे. आणि त्यांचं सगळं ऐटीचं आयुष्य त्या एका 'कुठे होतं हो'वर चाललंय. ते काढून घ्यायचं म्हणजे फारच झालं.

तुझं तिसरं प्रकरण मीच वाचून दाखवलं. दोनदा, त्यांनी सांगितलं म्हणून. 'घट्टपणाच्या जागी माया आली,' हे वाचताना मी तोंडावर पदर धरला. त्यांना वाटलं, खोकला. त्यांनी कौतुक गुपचूप घेतलं. आणि आज चूक निघाली तर चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले. मला आधी राग आला, मग हसू आलं. आता नुसता थकवा आलाय.

अकरा नंबरचं सांगते. त्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आलो होतो. दुसऱ्या डोळ्यातही तेच सुरू झालंय, असं त्यांनी सांगितलं. कोट दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. मी चप्पल काढली, हात धुतले आणि चिंधी घेऊन बसले. सहाव्या ओळीला काय झालं मला आठवत नाही. मला ती चूक तेव्हा दिसलीही नाही. जशी चिंधीवर झाली तशीच कोटावर गेली असणार. कुणी परत आणला नाही.

तर थकवा तू बरोबर ओळखलास, माणूस चुकलीस.

आता माझं ऐक. निबंध आहे तसा दे. दिवस थोडे राहिलेत, तू पास होणं महत्त्वाचं. चौथ्या प्रकरणात त्यांच्याबद्दल जे दमलेला वगैरे आहे तेवढं सौम्य कर. आणि हे पत्र परिशिष्टात लावू नकोस. मी हे लिहिलं हे त्यांना माहीत नाही.

मामी

१७ मार्च

प्रिय मामा, प्रिय मामी,

हे पत्र दोघांना आहे. मामी, तुम्ही म्हणालात मामाला सांगू नकोस, पण आता ते शक्य नाही. माफ करा. मामा, मामींनी तुझ्या पत्राखाली खरं काय ते मला लिहिलंय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. त्यांना हे वाचून दाखवायला लावतेय, हा दुसरा अपराध.

आधी माझं खरं सांगते. मामींचं पत्र वाचून मी पहिले दोन दिवस गप्प बसायचं ठरवलं होतं. निबंध तयार आहे. समाससर म्हणतात, नक्की पास. मी इतकी दमलेय की आणखी एक पान लिहायचं म्हटलं तरी नको वाटतं. मामींनीच सांगितलंय, आहे तसा दे. मग मी कशाला शहाणपणा करू? परवानगी हातात होती.

मग बारा नंबर काढायला बसले आणि हात चालेना. सुरुवातीचं टोक डावीकडे. त्या टोकाशी कोण बसलं होतं ते आता मला माहीत आहे. जानेवारीपासून भिंग लावून मी तुमच्या हाताच्या नखाएवढ्या हालचाली काढत होते, मामी. कुठे थांबलात, कुठे सुई पुन्हा घातलीत, सगळं. माझ्याइतकं तुमच्या हाताकडे कुणी बघितलं नसेल. आणि मी तुमचे आभार चहासाठी मानले! ते वाक्य तुम्ही मोठ्याने वाचलंत. ते आठवलं की मला दवाखान्यातसुद्धा मान खाली घालावीशी वाटते. तुमच्या घरी मी लहानपणी सुट्टीत महिना महिना राहिले आहे, तुम्ही कुठल्या हाताने काय करता एवढंसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही.

समाससरांनी पहिल्या निबंधावर काय लिहिलं होतं? चित्रं न काढताही लिहिता आला असता. आता जे मला कळलंय ते चित्रं काढल्याशिवाय कळलंच नसतं. दोन हात आहेत. चित्रांनी ते मला केव्हाच दाखवलं, मी त्यावर पुस्तकातला उत्तरकाळ चिकटवला. तिसरं आणि चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. चौदा दिवस आहेत. सरांना विचारलं, ते पहिल्यांदा तोंडाने बोलले. म्हणाले, 'जमणार नाही बहुतेक. पण खोटा निबंध द्यायचा की अपुरा, हे तुम्ही ठरवा.'

पण हे एकट्या माझं नाही. मामा, तुझं नाव आहे, तुमचं काम आहे, कोटांचं दुकान आहे. निबंध तीन परीक्षक वाचतील आणि नंतर तो चित्रशाळेच्या कपाटात पडेल, तरी कुठून कुठे बातमी जाते सांगता येत नाही. तुम्ही दोघं हो म्हणालात तरच लिहीन. कुणीही एक नाही म्हणालं तर आहे तोच देईन आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. चोवीस तारखेपर्यंत कळवा.

तुमची भाची

२१ मार्च

खोडरबर

हे मी स्वतः लिहितोय. मामीचा हात नाही. जाड पेन आहे आणि ओळीखाली पट्टी धरलीय. मान वाकडी करून बघितलं की कडेने थोडं दिसतं. वाचता आलं नाही तर भिंग लाव.

पहिला दिवस मी हिच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हिने सांगितलं की चहा झालाय आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

कौतुक माझं नव्हतं ते मी घेतलं. चूक माझी नव्हती ती मात्र लगेच नाकारली. याची मला लाज वाटते. हे परीक्षकांनी वाचलं तरी चालेल. हे पत्र परिशिष्टात लाव.

एक ते सात माझ्या. आठपासून हिच्या. कोटांच्या दुकानात मी स्वतः जाऊन सांगून आलो. शिंप्याने हात धरून नेलं. मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले बघू. पुढच्या आठवड्याचं काम आलं नाही. येईल किंवा नाही येणार. तू त्याची काळजी करू नकोस.

लिही सगळं. फक्त ती अकरा नंबरची चूक काढून टाक. चित्र लावू नकोस. पहिल्यांदा हिचं काम लोकांपुढे जातंय. त्यात चूक कशाला. लोक तिला नावं ठेवतील.

मामा

चि. भाचीस,

पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्यांना तीन दुपारी लागल्या हे लिहायला.

माझंही हो आहे. पण अकरा नंबर काढू नकोस. बाकीच्या चिंध्यांत मी त्यांच्यासारखं करायचा प्रयत्न केला. त्या एका ओळीत मी कुणासारखंच करत नव्हते. ती राहू दे.

दिवसातून दोनदा नीट जेव. झोपून लिहिता येत नाही, आणि उपाशीही लिहिता येत नाही.

मामी

२ मे

प्रिय मामा, प्रिय मामी,

निकाल लागला. पास झाले. काठावरच. निबंध शेवटी घाईत लिहिलाय हे कुणालाही कळतं, पाचव्या प्रकरणात तर एक परिच्छेद दोनदा छापला गेलाय आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो दोन्ही वेळा शांतपणे वाचला. एकतीस तारखेला मी चित्रशाळेचं दार बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी पोचले, बांधणीवाल्याच्या डिंकाचा वास अजून ओला होता. शिपाईकाका म्हणाले, 'बाई, पाणी प्या आधी.'

तोंडी परीक्षेत सगळी बारा चित्रं भिंतीवर होती. परीक्षकांनी विचारलं, प्रात्यक्षिक आणि निबंध नेमके कुठे भेटतात ते दाखवा. मी अकरा नंबरपाशी जाऊन उभी राहिले. बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, 'इथे एक धागा सुटलाय. तो काढताना मला कळलं की हे काम माझ्या मामींचं आहे.' मग ते तिघं चित्राजवळ आले आणि नाक लावून धागे मोजायला लागले. समाससर मागे उभे होते. मी निघाले तेव्हा मोठ्याने म्हणाले, 'बरं झालं, परत पाठवला होता.'

निबंधाची प्रत आणि बाराही चिंध्या या पाकिटात परत पाठवतेय. आभाराचं पान बदललंय. मी आता चार दिवस रजा घेतलीय आणि नुसती झोपणार आहे.

मामी, दुकानाचं काम आलं का?

तुमची भाची

१० मे

चि. भाचीस,

पास झालीस, फार बरं झालं. काठावरून पलीकडे गेलं की पलीकडचंच म्हणायचं. हे शिंप्यालाही साखर देऊन आले.

दुकानाचं काम आलं नाही. मालकांनी दुसरा माणूस धरलाय असं कळलं. शिंपी आपल्याकडची दोनचार कामं देतो, तेवढं चालतं. तुझ्या मामाला वाईट वाटतं, पण ते बोलून दाखवत नाहीत. मला म्हणशील तर सहा वर्षांत पहिल्यांदा मी परवा दुपारी झोपले. उठले तेव्हा मान दुखत नव्हती. काम गेल्याचं वाईट वाटतंच, पण मानेलाही तिचं म्हणणं असतं.

निबंध मी रोज थोडा थोडा वाचून दाखवला. दोनदा छापलेला परिच्छेदही दोनदा वाचला, त्यांनी सोडू दिला नाही. चौथं प्रकरण संपलं तेव्हा ते म्हणाले, ती अकरा नंबर दे. मी दिली. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने चाचपायला लागले. खालून ओळी मोजल्या, वरून मोजल्या. सापडेना. दुसऱ्या हाताने बघितलं. ज्या माणसाला अंधारातसुद्धा कापडाची वीण कळायची, त्याला ती चूक सापडत नव्हती. शेवटी मी त्यांचं बोट धरलं आणि सहाव्या ओळीवर ठेवलं. म्हटलं, 'इथे.'

बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही. मग म्हणाले, 'त्या दिवशी माझाही सुटला असता.'

त्यांचा सुटला नसता. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण पंचेचाळीस वर्षांत माझ्यासाठी ते पहिल्यांदाच खोटं बोलले, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

मामी